आईच्या हातची शेवटची आंघोळ

आमच्या आईचे किस्से कोणी मुद्दाम जमवलेले नाहीत. चार बायका एकत्र बसल्या की एकीला एक आठवतो, त्यावरून दुसरीला दुसरा, आणि चहा गार होतो. काही मी स्वतः पाहिलेत. बाकीच्यांची जबाबदारी शांताकाकूंवर!

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपुरात तेव्हा गल्लोगल्ली महिला मंडळं होती. कुठं भरतकाम, कुठं भजनं. आमच्या गल्लीत आई, शांताकाकू आणि वेणूबाई, तिघींचंच मंडळ, आणि त्यांनी काम उचललं भलतंच. कुणाच्या घरी बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायची, वेणीफणी करायची, साडी नेसवायची. जात नाही, ओळख नाही, बोलावणं आलं की तिघी निघाल्या. आईच्या पिशवीत शिकेकाई, फणी आणि धुतलेला टॉवेल कायम तयार असे.

काम करताना आई त्या बाईशी बोलत राहायची. "आता पाठ चोळते हं वं बाई. पाणी कोमटच हाय." आम्ही हसलो की म्हणायची, "न सांगता कोणाच्या अंगाले हात लावायचा नाही. जिवंत असो का मेलेली."

*

पहिला किस्सा हेडमास्तरीणबाईंचा. साऱ्या गल्लीला धाक! गेल्या तरी डोळे उघडेच. मुलानं दोनदा पापण्या मिटवल्या, दोनदा उघडल्या. खोलीत कुणाला थांबवेना.

आईनं स्वतःच्या साडीच्या निऱ्या नीट केल्या, त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हजेरी झाली. सारे आले. आता मिटा."

मिटले. शांताकाकू बाहेर येऊन म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा या बाईनं दुसऱ्याचं ऐकलं!"

*

शहराबाहेर वाडी गावाला ट्रकवाल्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. तिथल्या एका बाईकडं आई एका दुपारी उगाच जाऊन आली. ती बाई ठणठणीत, पोहे परतत होती. "काहून आल्या, ताई?" "सहज." दोघी पोहे खाऊन बोलत बसल्या. घरी आल्यावर आईनं पिशवी खुंटीला लावली नाही, दाराशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपायच्या आत वाडीहून माणूस आला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत रीतच पडली. आई कुणाच्या दारात दिसली की आतली बाई आधी ओरडायची, "ताई, कामानं आल्या का सहज? सहज आल्या असाल तर परत जा!"

*

सावनेरला तिघी एस.टी.नं गेल्या होत्या. म्हाताऱ्या सुलोचनाबाई गेलेल्या. उजव्या हाताची मूठ अशी आवळलेली की बांगडी घालता येईना. आईनं तेल लावलं, गरम पाणी ओतलं, विनवण्या केल्या. "सुलोचनाबाई, सोडा नं." मूठ जशीच्या तशी.

मग आईनं त्यांच्या थकलेल्या भावाला आत बोलावलं. "माहेरचं नाव काय हो यांचं?"

लग्नात बदललेलं नाव. भावाला सांगताना रडू आलं. "गंगू."

"गंगू," आई म्हणाली, "बांगड्या भरायच्या हाय वं. दे हात." मूठ उघडली. आत काही नव्हतं.

दाराशी त्यांचे यजमान उभे होते. म्हणाले, "इतकी वर्षं संसार केला. मी तिले कोणत्याच नावानं हाक मारली नाही."

*

आता माझी फजिती. मी बावीस वर्षांची, आणि मढ्याच्या नावानं मला कापरं भरायचं. आईला काम माझ्या हाती द्यायचं होतं. एकदा तिनं मला ओढून नेलंच. मी उंबऱ्यापर्यंत गेले, पांढरे तळवे दिसले आणि टॉवेल तिथंच टाकून अंगणात पळाले. आतून दार लागलं. थोड्या वेळानं आतून खुदकन हसू आलं.

तिघी बाहेर आल्यावर मी चिडले. "मी भ्याले म्हणून हसता काय?"

शांताकाकूंनी आईकडं पाहिलं. "आम्ही कुठं हसलो वं?"

घरी येताना आई रिक्षात एवढंच म्हणाली, "बाकीच्यांचं सोड. पण मले तूच न्हाऊ घालजो. मले परकं पाणी नको." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

*

त्यानंतर सातआठ वर्षं गेली. मे महिना, भर दुपार. वडील आधीच गेले होते, वेणूबाई लेकीकडं गेलेल्या, शांताकाकू गल्ली सोडून धरमपेठेत राहायला गेलेल्या. आई माझ्या मांडीवर गेली. मी पाणी तापवलं, टॉवेल घेतला, तिच्याजवळ बसले. "आई, आता पाय धुते हं," एवढं म्हणाले. हात पुढं जाईना. माझीच आई, आणि मला तिची भीती वाटत होती! स्वतःची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

समोर नव्यानंच राहायला आलेल्या बाईला म्हटलं, "जरा लक्ष ठेवा," आणि रिक्षा करून शांताकाकूंना आणायला धरमपेठेत पळाले.

तासाभरात आम्ही परतलो. आई न्हालेली होती. केस विंचरून अंबाडा घातलेला, नऊवारी चापूनचोपून नेसवलेली. टॉवेल पिळून दोरीवर वाळत घातलेला.

"कोणी केलं हे?" शांताकाकूंनी विचारलं.

समोरची बाई म्हणाली, "तुमच्या मंडळातल्याच बाया नं! पंधरा-वीस असतील."

"मंडळात आम्ही तिघीच होतो वं," शांताकाकू म्हणाल्या.

"मले काय माहीत, बाई. साऱ्या अनवाणी आल्या. एवढ्या उन्हात साऱ्याइचे केस ओले, पाणी गळून राहिलं होतं. मी म्हटलं, थांबा, पोरगी येऊन राहिली. तर त्यातली एक म्हातारी म्हणते, 'भेते ते. ते यायच्या आत आटपा वं.'"