भिंतीपलीकडचा शोषखड्डा

नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही वाघोलीत छोटा बंगला बांधला, तेव्हा तिथे ड्रेनेजची लाइन नव्हती. प्रत्येक घरामागे सेप्टिक टँक आणि तिचं पाणी जिरवायला शेजारी शोषखड्डा. खोल खणायचा, कडेने विटांची जाळी रचायची, आत दगड भरायचे. पाणी जमिनीत गेलं की त्याचा विचार कुणी करत नाही.

ज्यांनी आम्हाला प्लॉट विकला, त्यांच्या मुलाने शेजारी तीन मजले चढवले आणि कॉलेजची मुलं भाड्याने ठेवली. एवढ्या मुलांचं सांडपाणी घेणारा त्याचा खड्डा आमच्या भिंतीला खेटून होता. भिंतीच्या अलीकडे आमची बोअर. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याला संडासाचा वास येऊ लागला, तेव्हा माझे पती त्याला सांगायला गेले.

"सर, जमीन हाय ती. पानी पिनारच की."

"पिते खरी. पण पाजते आम्हाला."

तो हसला आणि खड्डा होता तिथेच राहिला.

मग ह्यांनी पेठेतला उपाय केला. आमच्या पेठेत भांडण तोंडाने कमी आणि पाटीने जास्त चालायचं. समोरचा उलट पाटी लावायचा आणि दोघेही एकमेकांच्या शुद्धलेखनाला नावं ठेवायचे. ह्यांनी पांढऱ्या पत्र्यावर सुवाच्य अक्षरात रंगवलं आणि पाटी त्याच्याकडे तोंड करून भिंतीवर बसवली: 'आपले तर्पण रोज पोहोचते. आम्ही अद्याप जिवंत आहोत.'

त्याच्या वडिलांचा दहावा नुकताच झाला होता. ते ह्यांच्या ध्यानातच आलं नाही. ह्यांना फक्त पाणी दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी पहिला घाव पाटीवर बसला, पुढचे भिंतीवर. मी मागच्या दारात आले तेव्हा भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि तो पहार घेऊन आमच्या अंगणात उभा होता.

"माझ्या मेलेल्या बापावर इनोद करतो व्हय रं, मास्तर?"

"अहो, आत या," मी ओरडले. हे पुढे गेले.

"तसं नाही हो ते. अर्थ समजून तर घ्या."

पहार खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. हे वाकले, तर त्याने केसांना धरून ह्यांचं तोंड उरलेल्या भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. चष्म्याची काच गालात शिरली. विटांवरून रक्त ओघळलं. मी त्याच्या दंडाला लोंबकळले, त्याने मला कोपराने झटकलं. मग "पी आता!" म्हणत त्याने ह्यांना भगदाडातून पलीकडे ढकललं.

पलीकडे खड्डा तुंबला म्हणून आतले दगड उपसून ठेवले होते. तोंडावर नुसता पत्रा होता. पत्रा वाकला आणि हे आत गेले.

तो क्षणभर बघत राहिला. मग पहार टाकून त्याने खड्ड्याच्या काठावर अंग झोकलं. "पाय धरा माझे!" तो भाडेकरू मुलांवर ओरडला. कमरेपर्यंत आत लोंबून तो "सर, हात द्या, सर, हात द्या ना," म्हणत होता आणि ह्यांचा मोडलेला हातच ओढत होता. हे किंचाळले, मग किंचाळायचे थांबले. कॉलर धरून त्याने ह्यांना वर काढलं तेव्हा त्या घाणीत मला ह्यांचा चेहरा ओळखू आला नाही.

ते पाणी फुप्फुसांत गेलं होतं. हे दवाखान्यातून परत आले नाहीत.

जबाब घ्यायला आलेले जमादार म्हणाले, "तो म्हणतो पाय घसरला, मी तर वाचवायला गेलो. पोरं म्हणतात आम्ही नंतर आलो. म्हणजे बघा बाई, सगळं तुमच्या सांगण्यावर आहे. ढकललं की काढलं?"

"दोन्ही."

"असं कसं? नीट क्रमाने सांगा."

"आधी ढकललं. मग काढलं."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: त्याने ढकलले, परंतु लगेच बाहेर काढले.

"परंतु नको," मी म्हणाले. "मग लिहा."

"काय फरक पडतो, बाई?"

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी 'परंतु' खोडून वर 'मग' लिहिलं, तेव्हा मी सही केली.