दातारबाईंची ओटी

नौपाड्यातल्या आईबापांना मुलगा पहिलीत घालायचा असला की तो सुमती दातारबाईंच्याच वर्गात जावा असं वाटे. शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या होत्या, पण जून उजाडला की लोक बाईंच्या घरी येऊन बसत. "बाई, तुमचा हात चांगला आहे," असं म्हणत. मुलाचा हात धरून पाटीवर पहिला 'श्री' बाईंनीच काढून घ्यावा, असा हट्ट धरत. बाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. सासऱ्यांनी घरच्यांशी भांडून त्यांना ट्रेनिंग कॉलेजात घातलं आणि तेव्हापासून त्या पहिलीलाच शिकवत होत्या. अंगावर फिकट नऊवारी, कपाळ मोकळं. स्वभाव तापट. मुलांवर मात्र त्यांनी कधी हात उगारला नाही.

एक्कावन्न साली शाळेच्या नव्या कमिटीने ठरवलं की गुरुपौर्णिमेला पालकांच्या हस्ते शिक्षकांचा सत्कार करायचा. मास्तरांना धोतरजोडी आणि उपरणं, बाईंना लुगडं आणि खणानारळाची ओटी. ओट्या भरायचं काम आयांनी अंगावर घेतलं. त्यांच्यात पुढे होती शुभदा जोगळेकर, वकिलांची सून. ती स्वतः दातारबाईंकडे शिकलेली आणि आता तिचा मुलगा त्यांच्याच वर्गात होता. वकिलांच्या माडीवर आयांची बैठक झाली. तिथे कुणीतरी विचारलं, दातारबाईंचं काय करायचं? मग ठरलं की बाईंचं लुगडं आदल्या दिवशी घरी पोचवावं, म्हणजे चारचौघांत अवघडल्यासारखं होणार नाही.

कोण अवघडणार होतं, ते कुणी बोललं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी शुभदा आली. वाकून नमस्कार केला आणि लुगड्याचं पुडकं पुढे ठेवलं. बाईंनी विचारलं, उद्याचं आजच का? शुभदा म्हणाली, उद्या गर्दी होईल, बाईंना दगदग नको. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी ही मुलगी खोटं बोलायची तेव्हा परकराचं टोक बोटाला गुंडाळायची. आत्ता पदराचं तेच चाललं होतं.

"खरं सांग," बाई म्हणाल्या.

मग तिने सांगितलं. ओटीचा कार्यक्रम, सगळ्या सवाष्णी, काहींच्या सासवा येणार. तिचं स्वतःचं तसं काही नाही, पण बायका नावं ठेवतात.

"तुझ्या मुलाचा पहिला 'श्री' कुणी काढून घेतला?"

"तुम्हीच, बाई."

"तेव्हा मी कोण होते?"

बाईंनी पुडकं उचललं, शुभदाच्या हातात दिलं आणि दार उघडून उभ्या राहिल्या. ती गेल्यावर त्यांनी स्टोव्ह पेटवला नाही. त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत. सासरी केस काढायची भाषा झाली तेव्हाही त्यांना एवढा राग आला नव्हता. ती अडाणी माणसं होती. ही त्यांनी शिकवलेली होती.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, शिक्षकांसाठी खुर्च्या मांडल्या. सगळे वर्ग रांगेने हॉलमध्ये गेले. दातारबाईंनी मात्र आपला वर्ग सोडला नाही. हॉल आणि वर्ग यांच्यामध्ये लाकडी पडदी होती. तिकडे अध्यक्षांनी 'गुरुर्ब्रह्मा' म्हणून भाषणाला सुरुवात केली आणि इकडे पहिलीची मुलं बाराखडी म्हणू लागली. मुलांचे आवाज खणखणीत. अध्यक्षांचं भाषण कुणाला ऐकू जाईना. लेले हेडमास्तरांनी आधी दगडू शिपायाला पाठवलं. मुलांना हॉलमध्ये पाठवा, असा निरोप घेऊन तो आला. बाईंनी त्याला परत पाठवलं. मग लेले स्वतः आले आणि त्यांच्यामागून पाचसहा आयाही दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

लेले दबक्या आवाजात म्हणाले की हे शिस्तीला धरून नाही, समाजाच्या भावनांचाही विचार करायला हवा, आणि कमिटीने काही बाईंचा अपमान केलेला नाही, लुगडं तर पाठवलंच होतं.

बाईंनी मुलांना गप्प केलं. आवाज न चढवता त्या बोलल्या, पण दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकीला ऐकू गेलं.

"ओटीच्या कार्यक्रमात माझी सावली नको, आणि रोज सकाळी हीच मुलं माझ्या मांडीला मांडी लावून बसतात. मी अशुभ असेन तर आत या आणि आपापलं मूल आत्ताच्या आत्ता घेऊन जा. शेजारच्या तुकडीत जागा आहे."

कुणी हललं नाही. शुभदा खाली बघत होती. तिचा मुलगा पहिल्या रांगेत पाटी पुसत बसला होता, पण त्याला न्यायला ती पुढे आली नाही. बाईंना याचाच जास्त संताप आला. एखादी जरी मूल घेऊन गेली असती, तर निदान तिचं म्हणणं खरं आहे असं तरी त्यांना वाटलं असतं. यांना बाईंचा हात हवा होता, बाई नको होत्या.

त्यांनी वळून पुन्हा बाराखडी सुरू केली.

कमिटीने बाईंना लेखी समज दिली. ती त्यांनी वाचली, पण तिच्यावर सही केली नाही. पुढच्या वर्षी ओट्या बंद झाल्या. सगळ्या शिक्षकांना एकेक गुलाब दिला. लेल्यांनी भाषणात सांगितलं की काळाची पावलं ओळखून आपण हा नवा पायंडा पाडला आहे. टाळ्या पडल्या. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. आपला गुलाब त्यांनी लेल्यांच्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेल्या.

जूनमध्ये लोक घरी यायचे ते येतच राहिले. बाई आता मुलाच्या आईला समोर बसवून सरळ विचारायच्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलवाल?" बहुतेकजणी चुळबुळत. काही हो म्हणत आणि संक्रांतीला विसरून जात. बाईंनी मूल एकही नाकारलं नाही. मुलांनी काय केलं होतं? पण विचारायचं मात्र सोडलं नाही.

एका वर्षी हौसाबाई म्हणून एकजण आली. तिचा नवरा खोपटला एस. टी. डेपोत मेकॅनिक होता, गाव साताऱ्याकडचं. ती म्हणाली, "बोलवीन की. त्यात काय इचारायचं?" आणि संक्रांतीला ती खरंच स्वतः बोलवायला आली. बाई गेल्या. हौसाबाईने तिळगूळ दिला, हातात वाण ठेवलं, आणि न विचारता कपाळाला हळद आणि कुंकू लावलं. बाकीच्या बायका बघतच राहिल्या. बाई वाण घेऊन निघाल्या.

खोपटहून नौपाड्याला यायला गल्लीबोळातून जवळची वाट होती. बाई हमरस्त्याने आल्या. जोगळेकर वकिलांच्या माडीवर त्या संध्याकाळी हळदीकुंकू चाललं होतं आणि गॅलरीत बायका उभ्या होत्या. शुभदाही त्यांच्यात होती. बाई माडीखाली थांबल्या, मान वर करून कपाळ सगळ्यांना नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या, आणि गॅलरी रिकामी होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.