गच्चीवरची चादर

आमच्या आत्याला मळका कपडा दिसला की तिच्या हातांना चैन पडत नाही. बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कॉलरकडे बघत ती खुशाल म्हणते, "लिंबू चोळा, जाईल." तो माणूस चमकून मागे बघतो आणि मी दुसरीकडे बघते. तिच्या लाँड्रीत मी इस्त्री करायला लागले तेव्हापासून माझी अशी फजिती नेहमीचीच आहे. गल्ली तिला कडकआत्या म्हणते. कपड्याला खळ आणि माणसाला शब्द, तिच्याकडे दोन्ही कडकच मिळतात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धुणं, वाळवणं आणि घडी यांवरच तिचा संसार उभा आहे.

पुढच्या खोलीत माझं इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याचे हौद, त्यापलीकडे एक अंधारी कोंदट खोली आणि वर गच्ची. गच्ची म्हणजे आमचं पोट. तिथे दोऱ्या बांधलेल्या आहेत आणि एका कोपऱ्यात सोलर आहे. पूर्वी पाणी कोळशाच्या बंबावर तापायचं. आत्याने तो बंब भंगारात घातला आणि सोलर घेतलं. गच्चीच्या बरोबर मागे, भिंतीला भिंत लागून, कारखाना आणि त्याचं धुराडं.

त्या धुराड्यातून जे पडतं त्याला कंपनीचे लोक 'कण' म्हणतात. कण! जसं काही कोणी अलगद शिंपडतंय. ती काजळी असते, तेलकट, चिकट. ती दुधावर तरंगते. नाक शिंकरलं की रुमालात निघते. शेजारणीचं तान्हं बाळ झोपून उठतं तेव्हा त्याच्या मानेच्या घड्यांत काळ्या रेघा असतात, आणि ती माउली रोज ओल्या फडक्याने त्या टिपते. मला या सगळ्याची शिसारी येते. काजळीची येतेच, पण 'कण' म्हणणाऱ्या तोंडांची जास्त येते.

लाँड्रीत मी पहिली शिकले ती गोष्ट इस्त्री नव्हती. दोरीवरून कपडा काढताना आत्याने माझा हात धरला आणि म्हणाली, "झटकायचं नाही. फुंकायचं. बोट लागलं की ती पसरते, मग पुन्हा हौदात." तेव्हापासून आम्ही दोघी दोरीपाशी उभ्या राहून एकेका चादरीवर फुंकर घालतो. नवं गिऱ्हाईक वर आलं की त्याला वाटतं, या बायकांचं डोकं फिरलंय. सोलरच्या काचाही अशाच फुंकून, मग पुसून घ्याव्या लागतात, नाहीतर पाणी कोमटसुद्धा होत नाही.

अशात कंपनीने दुसरं धुराडं बांधायचं ठरवलं. जाहीर सुनावणी होणार, हरकती असतील त्यांनी सांगाव्यात, असा कागद नाक्यावर लागला. गल्लीतले शाळेचे मास्तर, विज्ञान शिकवायचे, तो वाचून तडक लाँड्रीत आले. आमच्याकडे लांब बाक आहे, म्हणून हरकती मांडायला गल्लीची समिती जमली ती आमच्याकडेच. मास्तरांची मागणी साधी होती. दुसरं धुराडं नको, आणि पहिल्याखालचा कोळसाही बंद करा, वीज आणि ऊन वापरा.

आत्या कोपऱ्यात घड्या घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दुसरं आलं तर माझी गच्ची गेली. गच्ची गेली तर मी गेले. लिहून घ्या."

कंपनीनेही आपला माणूस गल्लीत धाडला. लोकसंपर्क की काय ते खातं होतं त्याचं, आम्ही त्याला साखऱ्या म्हणायचो. परीटघडीचा शर्ट, तोंडात साखर. घरोघरी छत्र्या वाटल्या, वर कंपनीचं नाव. लोकांनी घेतल्या, आणि मला माझ्याच गल्लीचा उबग आला. वरून काळं पडतंय म्हणून ज्याने पाडलं त्याच्याकडूनच छत्री घ्यायची! साखऱ्या लाँड्रीतही आला. सोलर बघून हसला. "बाई, कालपरवापर्यंत तुमचाही बंब कोळशावरच होता ना?"

"होता," आत्या म्हणाली. "मी सोडला. आता तुमची पाळी."

तो गेल्यावर मी म्हटलं, "चोराच्या उलट्या बोंबा." आत्याने तो बसला होता तो बाक पुसून काढला.

मास्तरांनी युक्ती काढली. एक नवी कोरी पांढरी चादर गच्चीवर टांगायची आणि सुनावणीच्या दिवसापर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. जे पडेल ते पडू द्यायचं. तीच साक्ष. आत्याने आपली सगळ्यात चांगली चादर दिली. गल्ली येऊन बघून जायची. चादर आधी पिवळट झाली, मग राखाडी, मग तिच्यावर काळे ओघळ उमटले आणि खालच्या काठाला तेलाचे थेंब जमले. मास्तर खुश. आत्याचे हाल मात्र बघवत नव्हते. ती गच्चीवर गेली की त्या दोरीकडे पाठ करून कपडे वाळत घालायची. एकदा मी तिला चादरीसमोर उभं पाहिलं. ओठांचा चंबू केला होता, फुंकर घालायला. मला बघून म्हणाली, "जांभई आली होती."

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी आले तर माझ्या टेबलावर एक चादर ठेवलेली. धुतलेली, नीळ दिलेली, खळ घातलेली, इस्त्री केलेली, चौकोनी घडी. शुभ्र. मी वर धावले. दोरी रिकामी.

"आत्या!"

ती हौदापाशी उभी होती, हात अजून सुरकुतलेले. "चारचौघांत तसली चादर कशी उलगडायची गं? लोक म्हणतील, कडकआत्याच्या लाँड्रीतली!" एवढं बोलेपर्यंत तिच्याच लक्षात आलं, आणि ती हौदाच्या काठावर बसली. मास्तर आले, चादर बघितली आणि तिच्या शेजारी बसले. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मला रागही आला आणि रडूही.

सुनावणीला परवानगी देणारे साहेब बाहेरून आले होते. समितीने साक्षीची चादर आणू असं आधीच कळवून ठेवलं होतं, तेव्हा साहेबांनी ती मागितली. आत्याने उलगडली. सगळा हॉल हसला. "मी धुतली साहेब, पहाटे धुतली," आत्या सांगत होती, पण हशात कोण ऐकतो? साखऱ्या पुढे झाला, चादरीचं एक टोक त्याने अदबीने धरलं आणि फोटो काढून घेतला. साहेब म्हणाले, आपण स्वतः एक दिवस येऊन राहू, बघू आणि मग निर्णय देऊ.

काही दिवसांतच नाक्यावर मोठा फलक लागला. आमची चादर, आमच्या आत्याचे हात, आणि खाली ठळक अक्षरांत: 'स्वच्छ हवा, शुभ्र कपडे. आमचे शेजारीच आमची साक्ष.' नुसतं खोटं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे आमच्याच घामाने धुतलेलं खोटं होतं. आणि गंमत बघा, त्या फलकावरही काजळी पडायची. फोटोतली चादर दुपारपर्यंत मळायची. म्हणून फलक पुसायला कंपनीने शिडी आणि माणूस दोन्ही ठेवले. तो रोज सकाळी चढून आमची हवा स्वच्छ करायचा.

आत्या त्या वाटेने जाईना. लांबच्या रस्त्याने भाजी आणायची. एकदा कपडे पिळता पिळता म्हणाली, "माझ्या हातचं पांढरं चोरलं त्यांनी."

आता इथे एक सांगायला हवं. कंपनीच्या गेस्ट हाऊसचे कपडेही आमच्याकडेच यायचे. चादरी, अभ्रे, टॉवेल. ते कधी गच्चीवर वाळत नसत. मागच्या कोंदट खोलीत, खिडक्या लावून, फटींना ओली फडकी कोंबून आणि पंखे लावून वाळवायचे, अशी साखऱ्याची सक्त ताकीद होती. अभ्रेसुद्धा त्यांनी राखाडी रंगाचे घेतले होते, म्हणजे चुकून काही राहिलंच तर दिसायला नको. किती वर्षं मी ते अभ्रे इस्त्री केले, पण त्याचा अर्थ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरला. यांना सगळं माहीत होतं. काजळी पडते हे ठाऊक होतं, फक्त ती त्यांच्या पाहुण्यांच्या गालाखाली नको होती. शेजारणीच्या बाळाच्या मानेत चालत होती. असल्या माणसांच्या चादरींना मी इस्त्री करते, याची मला स्वतःचीच किळस आली.

साहेब मुक्कामाला येणार म्हणून गेस्ट हाऊसचं गाठोडं आलं. आत्याने ते नेहमीसारखं दोनदा धुतलं, स्वच्छ खळबळलं आणि बादली उचलून जिना चढू लागली.

"आत्या, हे आतलं धुणं आहे."

"आता आतलं आणि बाहेरचं वेगळं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं एकाच दोरीवर."

कपडे वाळले तेव्हा मी सवयीने फुंकायला वाकले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मागे सरले. तिने एकेक अभ्रा हलक्या हाताने काढला, न झटकता, न फुंकता, आणि घडी घातली. घडी घालताना तिने डोळे मिटले होते. ते कष्ट मी पाहिलेत. धुतलेला कपडा तसाच पाठवणं तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

साहेबांच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्याच हॉलमध्ये पुन्हा सुनावणी भरली. साहेब गेस्ट हाऊसमधून थेट खुर्चीत येऊन बसले. बहुधा उशिरा उठले असावेत. पहिल्या रांगेत कुजबुज झाली आणि एकदम थांबली. साहेबांचा उजवा कान काळा होता. कानामागून मानेपर्यंत राखाडी पट्टा गेला होता आणि गालावर काळे ठिपके होते. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. साखऱ्याने पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली, आणि तो छताकडे बघू लागला. साहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं, "प्रत्यक्ष मुक्काम करून केलेल्या पाहणीत काजळीचं प्रमाण नगण्य आढळलं—"

नगण्य! आणि हा शब्द त्या काळ्या कानाखालच्या तोंडातून बाहेर पडला.

आत्या उभी राहिली. "साहेब, कान."

"काय?"

"कान बघा तुमचा."

साहेबांनी कानाला हात लावला आणि माणूस चोळतो तसा चोळला. काळं गालभर पसरलं.

"झटकू नका, चोळू नका," आत्या कळवळून म्हणाली. "फुंकायची असते ती. पण स्वतःच्या कानावर फुंकायचं कसं, तेही खरंच."

कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी रुमाल काढला, पुसला, रुमालाकडे बघितलं, पुन्हा पुसला, पुन्हा बघितलं. साखऱ्याला कंठ फुटला. "सर, ही बाई आमच्या गेस्ट हाऊसचे कपडे धुते. हिने हे मुद्दाम केलंय!"

"मुद्दाम तर आजवर करत होते," आत्या म्हणाली. "तुमचे कपडे मुद्दाम आत वाळवायचे, खिडक्या लावून, फटी बुजवून. तुम्हीच सांगितलं होतं. या वेळी मुद्दाम काही केलं नाही. जसे गल्लीचे वाळवते तसेच वाळवले. ही आमची रोजची उशी आहे, साहेब. तुम्ही एकच दिवस झोपलात."

साहेब साखऱ्याकडे वळले. "आत वाळवायला तुम्ही सांगितलं होतं?"

साखऱ्या पुन्हा छताकडे बघू लागला. मागच्या रांगेत शेजारणीचं बाळ खोकलं. साहेबांनी पुढ्यातला कागद उलटा केला. म्हणाले, निर्णय स्थगित, नव्याने मोजणी होईल, आणि ती कंपनी करणार नाही. आनंदाने उड्या माराव्यात असं यात काही नव्हतं. पहिलं धुराडं बाहेर ओकतच होतं. गेस्ट हाऊसचं काम आमच्या हातून गेलं हेही उघड होतं. कोळसा उगाळावा तितका काळाच, आणि स्थगित म्हणजे रद्द नव्हे.

उठताना साहेबांनी तो रुमाल टेबलावर टाकला, किळसवाण्या वस्तूसारखा, दोन बोटांत धरून. आत्याचा हात आपोआप पुढे गेला. "द्या, धुऊन—"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आत्याचा हात रुमालावर थांबला. तिने तो उचलला, काळं आत ठेवून घडी घातली, आणि माझ्या मुठीत कोंबला. "तू ठेव. माझ्या हाती लागू देऊ नकोस." मग साहेबांकडे वळून म्हणाली, "तुमचा रुमाल आमच्याकडे आहे, साहेब. दुसरं धुराडं रद्द झाल्याचं कळवा. धुऊन, इस्त्री करून घरपोच पाठवते."

रुमाल माझ्या टेबलाच्या खणात आहे, कुलूप लावून. किल्ली मी गळ्यात बांधते, कारण आत्यावर माझा भरवसा नाही. ती रोज सकाळी गच्चीवरून खाली येते, खणाकडे बघते आणि विचारते, "आलं का काही कळवून?" मी नाही म्हणते. त्या रुमालासाठी साबणाची एक नवी वडी तिने हौदाच्या काठावर काढून ठेवली आहे. तिच्या वेष्टणावर काजळी साठते, आणि आत्या येता जाता ती फुंकते.