नव्या कल्हईचं पातेलं

प्रयोगशाळेतल्या साहेबांवर मी चिडले ते नंतर. आधी चिडले मावशींवर. मावशी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाई, साक्रीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या. बहिणीचं नऊ महिन्यांचं बाळ अंग धरेना, नुसतं किरकिरायचं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात शिसं. मावशींनी खापर फोडलं माझ्यावर, कारण बाळाच्या खाण्याचं पाकीट मी नेऊन दिलं होतं.

मी जळगावच्या प्रयोगशाळेत हेच काम करते, खाण्यात शिसं किती ते मोजायचं. पाकीट तपासलं, चांगलं निघालं. मावशींनी घरी दळलेलं तांदूळ-मुगाचं पीठ मी मागवून तपासलं, तेही स्वच्छ. मावशींनी फोनवर मला काय काय ऐकवलं म्हणता!

मग शिसं काय आभाळातून पडलं? डोकं खाजवता खाजवता माझाच मला संताप आला. आम्ही पाकीट मोजतो, पीठ मोजतो. अहो, कुठलं बाळ कोरडं पीठ फाकतं? बहिणीला विचारलं, त्या पिठाचं खिमट शिजवतेस कशात? म्हणाली, पितळी पातेल्यात, उष्टावणाच्या वेळी सासूबाईंनी मुद्दाम नवी कल्हई लावून घेतली ना, त्यात. वरून थोडं ताक. तिच्याकडून शिजलेलं खिमट मागवलं, कल्हईचा खरवडलेला कीसही मागवला. साहेब म्हणाले, आपण माल तपासतो, लोकांची भांडी नाही. मी म्हटलं, पगार कापा, मशीन मी लावणार. दोन्हीत शिसं निघालं. कल्हईचं कथील म्हणून कुणा मेल्यानं शिसं मिसळलेला माल विकला होता आणि ताकाच्या आंबटपणानं ती खिमटात उतरत होती.

तशीच साक्रीची गाडी धरली. मावशी पातेलं देईनात. म्हणाल्या, "मना बठ्ठा पोरे यामाच खाईसन मोठा व्हयनात."

"तेव्हाची कल्हई खरी होती, मावशी. आता तुम्ही नातवाला विष शिजवून घालताय."

बोलले ते फार लागलं त्यांना. पण मला जराही वाईट वाटलं नाही, इतकी मी पेटले होते. त्यांनी पातेल्याच्या तळावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग पोटमा गयं ते निंघी का?"

पोटात गेलेलं निघेल की नाही, ते डॉक्टर जाणोत. मला मोजण्यापलीकडे काय येतं? त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मनात उद्धार केला आणि पातेलं पिशवीत कोंबलं. ते दिसेनासं होताच बाळानं भोकाड पसरलं. त्याची खिमटाची वेळ झाली होती.