पाठमोरा हिरो

आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याने आयुष्यात एकही गादी विकलेली नाही. तो गाद्यांच्या कारखान्यात फोम कापतो. उरलेले तुकडे घरी आणायचा, त्यांना चंदेरी रंग फासायचा आणि चिलखत शिवायचा. आवडत्या व्हिडिओ गेमवर सिनेमा काढायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कॅमेरा म्हणजे त्याचा फोन, हिरो धाकटा भाऊ आणि फोमच्या मुखवट्यातला राक्षस मी. मुखवटा काढला तरी मला मेकअपचा खर्च नाही, हे तो चारचौघांत सांगायचा.

त्या गेममध्ये हिरो कायम पाठीमागून दिसतो. खेळणारा त्याच्या मागे मागे फिरतो. गादीवाल्याने सिनेमाही तसाच घ्यायचा ठरवला.

"अरे, हिरोचं तोंड कधी दाखवणार?" मी विचारलं.

"गेममध्ये नाही तर सिनेमात नाही. खेळणारे शिव्या घालतील."

"दादा, मग मला दाढी करायला नको," धाकटा म्हणाला.

"आलीय कुठे तुला?"

धाकटा महावात्रट. चिलखत घालून रुबाबात चालत जायचा आणि मध्येच वळून जीभ काढायचा. शॉट वाया. फोनमध्ये जागा कमी, म्हणून वाया गेलेला शॉट गादीवाला तिथल्या तिथे पुसून टाकायचा. या बाबतीत त्याचं काम फार चोख.

शेवटची लढाई तेवढी राहिली होती. एका संध्याकाळी धाकटा कामावरून येताना ट्रकखाली आला. त्याचा फोनही तिथेच चिरडला.

घरात फोटो होते, पण ओळखपत्रावरचे, श्वास रोखून काढलेले. काही आठवड्यांनी त्यांची आई म्हणाली, "तुमच्या त्या सिनेमात असेल ना रे तो? हसताना दाखव मला."

गादीवाल्याने कामावर दांडी मारली आणि मला बोलावून घेतलं. आम्ही एकेक तुकडा बघत गेलो. पाठ जिना चढते, पाठ भिंतीआड लपते, पाठ माझ्याशी लढते. एका ठिकाणी कान आणि गालाची कड दिसली. गादीवाल्याने ती मोठी केली, मोठी करत गेला, शेवटी नुसते चौकोन उरले.

"तुझ्या फोनमध्ये काही?"

"मी सदा मुखवट्यात. मला समोरची भिंत दिसायची नाही," मी म्हणालो. एरवी तो हसला असता.

तेवढ्यात आई आत आली, पलंगाच्या कडेला टेकली. "लाव."

त्याने हाताला लागला तो तुकडा लावला. धाकटा गच्चीवरून चालला होता. मागून गादीवाल्याचा आवाज आला, "पुढे बघ, गाढवा, पुढे बघ." चिलखताचे खांदे गदगदा हलायला लागले.

"हसतोय," आई म्हणाली. तिने फोन स्वतःच्या हातात घेतला. "दम कोंडून हसायचा असाच. आता वळेल बघ."

तुकडा संपला.

"पुढचं लाव की."

"पुढचं नाहीये, आई."

"असं कसं? वळणारच होता तो."

"हो," गादीवाला म्हणाला. "म्हणून मी कॅमेरा बंद केला."

आईने त्याच्याकडे बघितलं. तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"परत लाव. मला जमत नाही यातलं."

त्याने परत लावला.