जड झालेला चाप
शिलाई मशीनला तेल घालताना मलकापूरचं ते बंदुका दुरुस्तीचं दुकान आठवतं. वडिलांच्या जुन्या, परवान्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड झाला होता, आणि तो हलका करणारा जाणता कारागीर मोठ्या शोधानंतर तिथे सापडला. त्या म्हाताऱ्याने रिव्हॉल्व्हर खोललं, एकेक भाग पुसून निरखला, पुन्हा जोडलं आणि रिकामंच वडिलांच्या हाती दिलं. “दाबा, साहेब.” वडिलांचा हात थरथरला, चाप अर्ध्यावरच राहिला. मग कारागिराने तोच चाप एका बोटाने सहज दाबला. “याच्यात काही बिघाड नाही, साहेब. हलका केला त तुमच्या हातून चुकून गोळी सुटन. मी हे काम नाही करत.” वडिलांनी रिव्हॉल्व्हर पुन्हा पिशवीत ठेवलं. मग मला म्हणाले, “चाल, ठाण्यात जमा करून टाकू.” आज वडील नाहीत. त्यांचे हात थकलेत हे घरात आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. सांगायचं धाडस मात्र त्या परक्या माणसाने केलं.