सिहोऱ्याच्या रोवणीत आमची डॉक्टरीण

धाकट्या बहिणीचा फोन आला, "ताई, तूच जा आणि तिला समजावून आण." तिला म्हणजे माझ्या भाचीला, अनुजाला. एमबीबीएसनंतर तिने फॅमिली मेडिसिनचं तीन वर्षांचं शिक्षण धरलं आणि सध्या ती सिहोऱ्याजवळच्या दवाखान्यात आहे. आता नागपुरात त्वचारोगाच्या शिक्षणाची जागा मिळत होती, शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तज्ज्ञ होऊन सर्दी-खोकलाच बघायचा का, हे बहिणीचं दुखणं. मलाही पटलं. पिशवी भरली नि निघाले.

नागपूर-भंडारा, मग तुमसर, मग सिहोरा, सगळी एसटी. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. भंडाऱ्यापर्यंत पोटातलं पाणी हलत नाही, तुमसरपुढे मात्र कंबर सांभाळा. तुमसरच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊनच घ्या. पुढे दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या आणि त्यांत रांगेने वाकलेल्या बायका. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात होती.

अनुजाने घरमालकिणीने दिलेले लाखोरीचे वडे पुढे केले, पण स्वतः खाईना. मोठ्या दवाखान्यात बाळंतपणं केली, लेकरं तपासली, तिथे काही येतं असं वाटायचं, म्हणाली. इथे एका शेवंताबाईचं बीपीसुद्धा उतरत नाही. गोळी वाढवायची तेवढी राहिलीय. मला वाटलं, आपलं काम सोपं झालं.

रोवणीत दवाखान्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बायकांच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी ती बांधावरच गेली. मीही मागोमाग. शेवंताबाईचं बीपी चढलेलंच. गोळी रोज घेतो म्हणाली. अनुजा रागावली नाही. चपला काढून बायकांत बसली, चहूकडे पाहिलं. झाड नाही, झुडूप नाही.

"शेवंताबाई, इथं लघवीले कुठं जाता?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "जाच नाई लागत डॉक्टरीणबाई, पानीच पेत नाई आमी."

शेवंताबाई चिखलाचे हात पुसत हळूच बोलली, "म्हणून तं गोळी घेत नाही. घेतली का घडीघडी जा लागते."

अनुजाने तिथूनच तिच्या शिकवणाऱ्या सरांना फोन लावला आणि लघवी न वाढवणारी दुसरी गोळी ठरवली. परतताना मला विचारलं, "मावशी, काल एसटीत बसताना तू घेतली होतीस तुझी बीपीची गोळी?"

 प्रवासाच्या दिवशी मी ती कधीच घेत नाही. इतक्या वर्षांत कोणत्याच डॉक्टरने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

संध्याकाळी तिने त्वचारोगाला नकार कळवला. मी अडवलं नाही, उरलेले वडे दोघींनी संपवले.

घरी येऊन बहिणीला फोनवर सांगितलं, पोरगी तिथंच राहते. ती माझ्यावर चांगलीच उखडली. तिचं बोलून झाल्यावर मी विचारलं, लग्नाकार्याला जायच्या दिवशी तू बीपीची गोळी घेतेस का गं?

बहिणीचा आवाज एकदम खाली आला.

"तुले कोणी सांगितलं?"